ग्रँड क्वार्ट्झ ४८४३ : रात्री साडेअकराचा थांबा अखेर सुटला

मागच्या नोंदीत माझ्या ग्रँड क्वार्ट्झ ४८४३ च्या, म्हणजे सेइकोच्या जुन्या मनगटी घड्याळाच्या, कॉइलचे (मोटर चालवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे) तुटलेले टोक पुन्हा जोडल्याचे लिहिले होते. घड्याळ चालूही झाले. पण त्याच रात्री साडेअकराच्या सुमारास सेकंदकाटा जागच्या जागी थरथरू लागला आणि सकाळी घड्याळ त्याच वेळेवर थांबलेले दिसले. पुढचे सतरा दिवस हाच प्रकार चालू राहिला. काल रात्री मात्र ते बारा ओलांडून पुढे गेले, म्हणून ही नोंद.

माझा संशय अर्थातच स्वतःच्या जोडकामावर होता. कॉइलची तार केसापेक्षा कितीतरी बारीक असते, त्यामुळे रात्रीच्या गारव्यात जोड सैल होत असावा, असे मी धरून चाललो. रोध पुन्हा पुन्हा मोजला, तो बदलत नव्हता. नवीन सिल्व्हर ऑक्साइड बॅटरी टाकली, काहीच फरक पडला नाही. शेवटी टोकियोतल्या निशिकासाईहून थेट नाकानोला जाणारी तोझाई लाइनची गाडी पकडली आणि तिथल्या एका जुन्या घड्याळांच्या दुकानात, मोडीत निघालेल्या घड्याळांच्या पेटीतून, डायल खराब झालेले दुसरे ४८४३ घेऊन आलो. त्याचे सर्किट आणि कॉइल माझ्या मशीनमध्ये बसवले, तरी काटा साडेअकरालाच अडला. याचा अर्थ विजेचा भाग निर्दोष होता, हे मानायला मला आणखी दोन दिवस लागले.

उलगडा झाला तो एका चुकीमुळे. एका सकाळी वेळ लावताना दिवस-रात्रीचा घोळ झाला आणि काटे बारा तास उलटे लागले. त्या दिवशी घड्याळ रात्री न थांबता भर दुपारी, बाराच्या आत थांबले. खोलीत ऊन होते, बॅटरी तीच होती. फक्त घड्याळाच्या हिशेबाने ती रात्र होती. म्हणजे अडथळा गारव्याचा नव्हता, तर तारीख आणि वार पुढे ढकलणाऱ्या चाकांचा होता.

मग बॅटरी काढून बदलत्या व्होल्टेजचा पुरवठा जोडला. दिवसा हे मशीन १.३० व्होल्टवरही सुरळीत चालत होते. तारीख बदलण्याच्या वेळेला मात्र १.५० व्होल्टही त्याला पुरत नव्हते. क्वार्ट्झ घड्याळातली स्टेप मोटर सेकंदातून एकदाच, अगदी क्षणभर, ढकलते आणि तिचा जोर फार थोडा असतो. ४८४३ मध्ये त्या जोरावर वाराची आणि तारखेची अशा दोन चकत्या सरकवायच्या असतात. डायल उतरवल्यावर दिसले की तिथले जुने ग्रीस वाळलेल्या डिंकासारखे घट्ट झाले होते.

चाके बेंझिनमध्ये धुतली, चकत्या मात्र कोरड्याच पुसल्या, कारण वाराच्या चकतीवरची छपाई द्रावणात टिकेल याची खात्री कोणी देऊ नये. नवे ग्रीस एस-६, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढेच लावले. चिमटा पितळी वापरावा, असे माझे ठाम मत आहे. पोलादी चिमटा चुंबकित झाला की रोटरजवळ, म्हणजे मोटरमधल्या फिरत्या चुंबकाजवळ, तो हातातच राहत नाही. आता दिवसा असो वा रात्री, मशीन १.२८ व्होल्टवर चालते. काल शनिवारचे निळे अक्षर सरकून रविवारचे लाल अक्षर खिडकीत स्थिर होईपर्यंत मी खुर्चीवरून हललो नाही.

या आठवड्यात केस पॉलिश करायचे ठरवले होते, पण तो बेत मी हे लिहिता लिहिता रद्द करत आहे. सेइकोचे डिझायनर तारो तानाका यांनी १९६२ मध्ये मांडलेले आणि १९६७ च्या ग्रँड सेइको ४४जीएसमध्ये पूर्णत्वाला गेलेले ते ‘रचनेचे व्याकरण’, म्हणजे विकृती न दाखवणारे सपाट आरसे, त्यांच्यामधल्या धारदार कडा आणि पैलू पाडलेले काटे व खुणा, या घड्याळातही स्पष्ट वाचता येते. माझे मशीन क्रमांकावरून १९७७ च्या जूनमधले ठरते. त्या काळी सपाट पृष्ठभाग झारात्सु पद्धतीने, फिरत्या तबकडीवर कसबी हातांनी घडवले जात. कापडी चाकावर ती कड मी एका मिनिटात गोल करून टाकीन आणि मग ती कधीच परत येणार नाही. उजव्या लगवरचा (पट्टा अडकवायच्या टोकावरचा) ओरखडा राहू दे.

त्याऐवजी दर, म्हणजे घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाते ते, मोजण्याचे काम हाती घेतो. सध्या घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते आणि ट्रिमरला, म्हणजे हा दर जुळवणाऱ्या छोट्या स्क्रूला, हात लावण्याचा मोह होतो आहे. पण घड्याळाची गती राखणारा, ट्यूनिंग फोर्क आकाराचा साधा क्वार्ट्झ स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने कंप पावतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मंदावतो. ५ अंशांवर तो दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतो. याच दोषावर उपाय म्हणून १९७८ मध्ये दोन स्फटिकांची ट्विन क्वार्ट्झ घड्याळे आली. तेव्हा आधी दोन आठवडे मनगटावर, नंतर दोन आठवडे खिडकीजवळच्या थंड खणात ठेवून, जेजेवाय या जपानच्या प्रमाणवेळेच्या रेडिओ संकेतावर चालणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाशी दर रविवारी ताडून पाहीन. ट्रिमर त्यानंतरच फिरवीन.