करंट गेला आणि चवड जमली

जुलैचे दिवस, बेळगावात पावसाची झड लागलेली. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन काचांमध्ये ट्रायफेनिलीनचा एक पदार्थ वितळवून ठेवला होता. साधारण 100 अंशांच्या वर तो पातळ, 70 च्या खाली घट्ट आणि मधल्या पट्ट्यात द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखा वाहता पण आत रेणू शिस्तीत लागलेला. माझी खानापूरची विद्यार्थिनी तो मिनिटाला अर्धा अंश असा निववत होती. मीटर 104 वर आलं आणि करंट गेला.

"गेलं की सर सगळं!"

खरंच होतं. घाईनं निवलं की बारीक बारीक तुकडे पडतात आणि त्यांच्या सांध्यांवर विद्युतभार अडकतो.

शिपाईमामा दारातच होते. "एकदम गार होऊ द्यायचं नाही, एवढंच न्हवं?" त्यांनी आपल्या हॉटपॉटातल्या भाकऱ्या कागदावर काढल्या. आम्ही तापलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा काचांसकट पक्कडीनं आत ठेवला, वर टॉवेल गुंडाळला.

अर्धा तास काढायचा होता. समोर भाकऱ्यांची चवड होतीच, तीच दाखवून तिला सांगितलं. टीव्हीच्या पडद्यातले रेणू काडीसारखे, हे चकतीसारखे. कडेला सहा लांब शेपट्या. एकावर एक बसले की दोन चकत्यांत अंतर जेमतेम 0.35 नॅनोमीटर, म्हणून भार चवडीतून वर-खाली सरकतो. शेजारच्या चवडीत जायचं तर मध्ये शेपट्यांची गर्दी. असे द्रवस्फटिक पहिल्यांदा सापडले ते 1977 साली बेंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत, एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. इथून एका रात्रीच्या गाडीवर! मी शिकलो त्या पुस्तकात याची एक ओळ नव्हती.

डबा उघडला. बॅटरीवरचं मीटर 91 दाखवत होतं. खालून मोबाईलची टॉर्च धरून तिनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. "काहीच नाही सर. नुसता काळोख."

मी सुईच्या टोकानं वरची काच हलकेच दाबली. काळ्यात पांढरी रेघ उमटली आणि तशीच राहिली. पातळ द्रव असता तर काळाच राहिला असता. म्हणजे चवडी काचेवर सरळ उभ्या होत्या. प्रकाश त्यांच्या लांबीनं न बदलता येत होता आणि वरचा ध्रुवक त्याला अडवत होता. (ध्रुवक म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी पट्टी. सूक्ष्मदर्शकात काचांच्या खाली एक, वर दुसरी, एकमेकींना काटकोनात.) सौरघटाला वर-खाली इलेक्ट्रोड लावायचे तर अशाच उभ्या चवडी हव्यात. ट्रान्झिस्टरला मात्र आडव्या लागतात, ते दुखणं वेगळं.

करंट आल्यावर यंत्रावर पुन्हा करून पाहिलं. निम्मा भागच काळा आला.

त्या डब्यात परत जेवण नको म्हणून मामांना खडेबाजारातून नवा हॉटपॉट आणून दिला. "झाकण जरा सैल हाय ओ ह्याचं," म्हणाले.