आजची सकाळ

मालवण तालुक्यातल्या एका होमस्टेचं फेसबुक पेज मी चालवते. पेज होमस्टेवाल्या काकांचं, फोटो आणि शब्द माझे, पगार शहरातल्या एका एजन्सीचा. काम सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे दिवसभर मोबाईलच ना?" हो, मोबाईलच. पण पहाटे साडेसहाला पाणंदीत उभं राहून, मानेत छत्री अडकवून.

या पेजवर दोन प्रकारची माणसं आहेत, पर्यटक आणि चाकरमानी. पर्यटकाला ड्रोनमधून दिसणारा समुद्र लागतो. तो लाईक करतो आणि पुढे सरकतो. चाकरमानी लाईक करत नाही, भांडतो. एसटीची पाटी, देवळाची झिजलेली पायरी, कुणाच्या तरी पडवीतला बाक, असलं काही टाकलं की डोंबिवलीपासून नालासोपाऱ्यापर्यंत सगळे जागे. "ही पायरी आमच्या आजोबांनी बसवली." "तुमच्या नव्हे, वरच्या वाडीतल्यांनी." पावणेसातला टाकलं तर लोकलमध्ये लटकून वाचतात, रात्री साडेनऊनंतर टाकलं तर जेवून हात धुऊन. दुपारी टाकलेलं वाया. आणि पहिल्या तासात मी स्वतः उत्तरं दिली तरच भांडण संध्याकाळपर्यंत टिकतं. एजन्सीला वाटतं हे सगळं हॅशटॅगमुळे होतं.

यांच्यात एक परळचे काका. दोन वर्षं रोज सकाळी त्यांची एकच कमेंट: "आज वारो खंयचो?" सुरुवातीला मी लिहिलं, "छान वारा आहे." त्यावर उत्तर आलं, "वारो छान नसता, खंयचो तरी असता." तेव्हापासून मी अंगणात जाऊन वारा कुठून येतोय ते बघायला शिकले. फेसबुकने त्यांच्या नावाला 'टॉप फॅन'चा बिल्ला लावला तेव्हा भडकले. "ह्या काय लावलंस? काढ." मी पेजवाल्या काकांचा मुलगा आहे असा त्यांचा समज होता, तो मी कधी मोडला नाही.

आता माझी चूक. कॉलेजात मी टम्बलर नावाच्या ब्लॉग-साइटवर लिहायचे. तिथे 'क्यू' असते. पोस्ट आधीच भरून ठेवायच्या, दिवसाला पन्नासपर्यंत आपोआप सुटतात, आपण निवांत. ती सवय गेली नाही. आषाढात तीन दिवस वीज नव्हती, बाकीच्या तीन होमस्टेंची गणपतीची बुकिंगं अंगावर, त्यात ताप. पेजवाल्या काकांच्या जुन्या हार्ड डिस्कवर 'पावसाळा' नावाचं फोल्डर होतं. त्यातले सात फोटो घेऊन अख्खा आठवडा शेड्यूल केला. फाईलवर दिसते ती तारीख नुसती कॉपी केल्याचीही असू शकते. फोटो काढल्याची तारीख फाईलच्या आत असते, उघडून बघायला दहा सेकंद लागतात. मी बघितली नाही.

चौथ्या दिवशीचा फोटो वळणावरच्या बंद घराचा होता. कौलांवर शेवाळ, मागे फणसाचं झाड, बुंध्याला शेवटचे दोन-चार फणस. कॅप्शन: "आजची सकाळ."

सात दहाला परळच्या काकांची कमेंट पडली. "ह्यो फणस तौक्तेत पडलो. आजची सकाळ खंयसून इली?"

तौक्ते म्हणजे मे २०२१चं चक्रीवादळ. मी तेव्हा कुडाळला होते, या गावात नव्हते. गावात असते तर ते पडलेलं झाड मलाही आठवलं असतं.

शेड्यूल केलेल्या पोस्टला गावच्या रेंजची गरज नसते, ती बरोबर वेळेवर गेली. उत्तराला रेंज लागते. बाराच्या सुमारास सड्यावर चढून मोबाईलला काड्या दिसल्या तेव्हा २१२ कमेंटी झाल्या होत्या. कुणी म्हणत होतं पेज मुंबईतून चालतं, कुणी म्हणत होतं होमस्टेच बंद पडलाय. मग झाड पडलं ते कुणाच्या पडवीवर, यावर जुंपली होती. मग तो फणस कापा की बरका. एका बाईने त्याच्या साठाची आणि आठळ्यांच्या भाजीची आठवण लिहिली होती, त्यावर दुसरीचं उत्तर: "कापा होता, बरका नव्हे, मी खाल्लाय." मला मात्र एकही जण काही विचारत नव्हता.

मी माफी लिहिली, फोटोतली तारीख उघडली (जुलै २०१९), कॅप्शन बदलणार तेवढ्यात एजन्सीचा फोन. "हात लावू नको! वर्षातला सगळ्यात मोठा रीच आहे." आणि हसून, "असं अधूनमधून चुकायला हवं." या माणसाने कोकण पाहिलंय ते रिसॉर्टच्या खिडकीतून. तरी मी कॅप्शन बदललं. रीच काही पडला नाही, म्हणजे वाद घालायलाही जागा उरली नाही.

पेजवाले काका एवढंच म्हणाले, "त्यांचा घर आसा ता. माका विचारलंस असतंस तर सांगितलं असतंय."

संध्याकाळी इनबॉक्समध्ये परळच्या काकांचा मेसेज होता. घर त्यांचंच. "झाडाचो फोटो आमच्याकडे नाय. मोठो असलो तर पाठव." नंबर घेतला, व्हॉट्सॲपवर फोटो दबतो म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला. पाठवताना मी कोण तेही लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

पुढच्या महिन्याच्या कॅलेंडरमध्ये एजन्सीने दर गुरुवारी नवा रकाना घातलाय: 'जुना फोटो, चुकीची ओळख'. तो मी अजून भरलेला नाही. नाही म्हणूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहालाच त्या वळणावर गेले. फणसाच्या जागी खुंट, त्यावर अळंबी उगवलेली, भोवती गुडघाभर रान. तेच टाकलं, वेळेसकट. त्यांनी लाईक केलं. नुसतं लाईक.

वारा नैऋत्येचा होता. मी बघून ठेवला होता.