खाजनाच्या बांधावर फोर बाय फाइव्ह

आज जुने गोवेहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो, खाजन शेतं (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतं) लार्ज फॉरमॅटवर, म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर टिपायला. बांध अरुंद, दोन्ही बाजूंना चिखल. सामान खाली ठेवायला जागाच नसते, म्हणून प्रत्येक वस्तूची जागा घरूनच ठरवून निघावं लागतं. लूप (फोकस तपासायचं भिंग) गळ्यात, लाइट मीटर आणि केबल रिलीज (शटर दाबायची वायर) खिशात, डार्क क्लॉथ (फोकस करताना डोक्यावर घ्यायचं काळं कापड) पाठपिशवीत सगळ्यात वर.

खरी शिस्त लागते ती फिल्म होल्डरला, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या चौकटीला. एका होल्डरमध्ये फिल्मच्या शीट दोनच, दोन बाजूंना एकेक. कोरे होल्डर उजव्या कप्प्यात, डार्क स्लाइडची (फिल्मवर उजेड पडू न देणाऱ्या सरकत्या झाकणाची) पांढरी कड बाहेर. फोटो झाला की स्लाइड उलटी करून काळी कड बाहेर, आणि दोन्ही बाजू संपल्या की होल्डर डाव्या कप्प्यात. प्रत्येकाला वेगळी झिपची पिशवी. स्लाइडबरोबर धुळीचा एक कण आत गेला तरी निगेटिव्हवर डाग उमटतो.

येताना गाडीचा एसी बंदच ठेवला. गार झालेली लेन्स आपल्या दमट हवेत काढली की लगेच वाफ धरते.

वारा सुटला तेव्हा पाठपिशवी ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला टांगली. बेलोज (कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता) हलायचा थांबला आणि मानशीच्या (बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या जागेच्या) दाराचा फोटो मनासारखा मिळाला. निगेटिव्ह धुतले की इथे टाकतो.