अठराव्या मजल्यावरची शिट्टी

जुलैतली सकाळ. मुंबईतल्या चारकोपहून फोन आला. "दादा, खिडकी रात्रभर शिट्टी मारते. आई चार रात्री झोपलेली नाही."

अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं काम करून माझी वीस वर्षं गेली. पावसाळ्यात असे फोन येतातच. पण हे घर अठराव्या मजल्यावर, हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर खारफुटी आणि मनोरीची खाडी. वाऱ्याला अडवायला मधे काहीच नाही. आजींनी फटींत वर्तमानपत्रं आणि जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले होते, तरी काचेचं सरकतं शटर खडखडत होतं, वर शिट्टी. "आमच्या गावाला कौलं वाजायची," आजी म्हणाल्या, "पण ती थांबायची तरी!"

आधी दोघांनी येऊन डबल काच लावायला सांगितलं होतं. रस्त्याचा आवाज कमी करायला ती ठीक. वारा काचेतून थोडाच येतो? तो फटीतून येतो, आणि फट ठेवून काच बदलली तर शिट्टी तशीच राहते.

मी आजींकडूनच उदबत्ती मागितली आणि फ्रेमच्या कडेने हळूहळू फिरवली. मधोमध, दोन शटर एकमेकांवर येतात तिथे खाली, धूर झर्रकन आत वळला. शेंगदाण्याएवढं भोक! तिथे फोमचा छोटा ठोकळा लागतो. फिटिंगवाले तो सर्रास गाळतात.

तेवढ्यात सूनबाईंनी दूध घ्यायला मुख्य दार उघडलं आणि शिट्टी किंचाळायलाच लागली. दार लावलं, उतरली. वाऱ्याला पलीकडून बाहेर पडायला वाट मिळाली की तो इकडून जोरात घुसतो. म्हणजे दाराखालची फटही यात सामील होती.

ट्रॅकमध्ये पाणी साचून बुडबुडत होतं. मुलगा जरा ओशाळला. पाणी निघायच्या भोकांत त्यानेच सिलिकॉन भरलं होतं, आवाज तिथूनच येतो असं वाटून. उपाय चुकला, पण संशय अगदीच खोटा नव्हता. त्या भोकांवर झडपेची झाकणं नसतील तर तीही वाजतात.

आता शटर उतरवायचं होतं. एवढ्या उंचीवर, वाहत्या वाऱ्यात मी शटरला हात लावत नाही. हातातून निसटलं तर खाली कोण असेल? माझा मदतनीस पोऱ्या चुळबुळत होता. साडेतीन तास थांबलो. आजींनी घावणे घातले, ते पोटभर खाल्ले.

अडीचच्या सुमारास वारा पडला. शटरला दोरी बांधून ते वर उचललं, खालून आत ओढलं. चाकं एका बाजूने झिजलेली, कडेची ब्रशपट्टी जुन्या टूथब्रशसारखी आडवी झालेली. दोन्ही बदललं. सिलिकॉन कोरून भोकं मोकळी केली, झाकणं बसवली, मधे फोम लावला, मुख्य दाराखाली रबरी पट्टी ठोकली.

संध्याकाळी वारा परत उठला. हॉल गप्प. आजींनी कान टवकारले. "आतल्या खोलीत वाजतंय रे बाळा."

खरंच वाजत होतं. एसीच्या पाइपाचं भोक अर्धं उघडं होतं. पुट्टी लावून तेही बुजवलं.

हत्यारं आवरताना मी ते ओले बोळे कचऱ्याच्या पिशवीत टाकले. आजींनी त्यातला एक उचलला, पिळला, झटकला. "काठ अजून चांगला आहे," म्हणाल्या आणि वाळत घालायला घेऊन गेल्या.