शीर्षकाची ओळ पुन्हा निसटली: बाजारभाव तक्ता, नोंद पाचवी

बाजार समित्यांचे भाव मोबाइलवर दाखवणारं वेबपान करतो आहे, त्यातल्या तक्त्याची ही नोंद. मागच्या नोंदीतला अख्खं पान आडवं सरकण्याचा प्रश्न मिटला. दोष तक्त्यात नव्हताच. ग्रिडमधल्या (पानाच्या मांडणीच्या चौकटीतल्या) मुलाची, म्हणजे आतल्या घटकाची, किमान रुंदी मुळात ऑटो असते, त्यामुळे तक्ता आपल्या पालकालाच ताणत होता. मिन-विड्थ: ० ही एक ओळ टाकली आणि पान जागेवर आलं. पहिला रकानाही स्टिकी (सरकवलं तरी जागेवर चिकटून राहणारा) केला, तो लेफ्ट: ० वर, म्हणजे डाव्या कडेला, छान चिकटला.

पण खाली सरकलं की शीर्षकाची ओळ वर निघून जाते. विसाव्या ओळीवर हिंगणघाटचा किमान दर कोणता आणि सर्वसाधारण कोणता, हे कळायला मार्ग नाही. भाव बघायला आलेल्या माणसासाठी असा तक्ता निकामीच.

कारण असं. तक्त्याभोवतीच्या डिव्हला (पानातल्या खोक्याला) ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो, म्हणजे मावलं नाही तर आडवं सरकू दे, असं दिलं की ब्राउझर उभा ओव्हरफ्लोही ऑटो धरतो. ते डिव्ह दोन्ही दिशांनी सरकणारं खोकं ठरतं, आणि स्टिकी नेहमी सर्वांत जवळच्या अशा खोक्याला धरून चालतं. खोक्याची उंची तक्त्याइतकीच, म्हणजे आत उभं काही सरकतच नाही. सरकतं ते पान. ओव्हरफ्लो-वाय: व्हिजिबल लिहिलं तरी त्याचं ऑटो होतं, क्लिप लिहिलं तर हिडन. ही वाट बंद.

खोक्याला मॅक्स-हाइट: ७०व्हीएच (पडद्याच्या उंचीच्या ७० टक्के) दिली की शीर्षकाचं टॉप: ० लगेच काम करतं. त्यासोबत तीन गोष्टी लागतातच. बॉर्डर-कोलॅप्स: सेपरेट आणि बॉर्डर-स्पेसिंग: ०, नाहीतर चिकटलेल्या घरांच्या रेघा मागेच राहतात. घरांना भरीव पार्श्वभूमी, कारण पट्ट्यांचा रंग अर्धपारदर्शक असला तर खालचे आकडे वर उमटतात. आणि कोपऱ्यातल्या घराला झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम) ३, शीर्षकाला २, पहिल्या रकान्याला १. एवढं करूनही समाधान नाही: पान सरकवायला गेलेलं बोट तक्त्यात अडकतं. शीर्षकाचा वेगळा तक्ता करून स्क्रिप्टने दोघांना सोबत सरकवणं, किंवा त्यासाठी तयार प्लगइन आणणं, हे चाळीस ओळींसाठी फार जड. गावात नेटवर्कची एकच कांडी असते, तिथे प्रत्येक केबी मोजूनच वापरावी.

हे लिहितानाच सुचलं: आडवं सरकवायचंच कशाला? आठ रकाने आहेत: बाजार समिती, शेतमाल, जात (वाण), परिमाण, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. कापूस, सोयाबीन, तूर यांचे तक्ते वेगळे केले की शेतमाल कॅप्शनमध्ये (तक्त्याच्या मथळ्यात) जातो. परिमाण सगळीकडे क्विंटल, तेही तिथेच. जात समितीच्या नावाखाली बारीक अक्षरात. उरले पाच. मोबाइलच्या ३६० पिक्सेल रुंदीतून दोन्ही बाजूंचे ८-८ वजा केले की ३४४. समितीला १०४ आणि बाकी चौघांना ६०-६०. नेमकं बसतं! टेबल-लेआउट: फिक्स्ड हवंच, म्हणजे रकान्यांची रुंदी ठरवली तेवढीच राहते. 'देऊळगाव राजा' दोन ओळींत मोडतं, 'पांढरकवडा' १४ पिक्सेलच्या अक्षरात मावतं. 'सर्वसाधारण' मात्र ६० मध्ये मावेना. 'सर्व' नंतर डब्ल्यूबीआर टॅग (इथे शब्द मोडला तर चालेल अशी खूण) टाकला आणि शब्द हायफनशिवाय नीट दुमडला. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ च्या खाली नेऊ नका, वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात.

आता खोकंच नाही, त्यामुळे शीर्षक थेट पानाला चिकटतं आणि बोटही अडत नाही. प्रत्येक ओळीचं वेगळं कार्ड करण्याचा बेत म्हणून रद्द. कार्डात अकोट आणि वणीचे भाव शेजारी दिसत नाहीत, आणि भाव बघायचे ते तुलनेसाठीच.

दुसऱ्या, पावसाच्या तक्त्याला मात्र खोकं राहील: तालुका आणि बारा महिने, ९६ अधिक बारा वेळा ५६, म्हणजे ७६८ पिक्सेल. कडेला सावली देणार होतो, पण वावरातल्या उन्हात ती दिसत नाही. या मापांनी ३४४ मध्ये चार महिने पूर्ण दिसतात आणि पाचवा जवळपास मधोमध कापला जातो. पुढे अजून आहे हे त्यावरूनच कळतं. कीबोर्डने आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या साधनानेही वापरता यावं म्हणून खोक्याला टॅबइंडेक्स ०, रोल रीजन आणि एरिया-लेबल दिलं आहे. वर्ध्याचे तालुके ८, सगळ्या ओळी एकाच पडद्यात मावतात, म्हणून तिथे शीर्षक चिकटवायची गरजच पडली नाही.