दूरचं दिसण्यासाठी कायदा

बाबा पहिल्यांदाच इकडे अमेरिकेत आले होते. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर कठड्याला टेकून बराच वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "पलीकडची झाडी कशी रेघ मारल्यासारखी दिसून रायली बे!" पलीकडचा काठ म्हणजे सरासरी सोळा किलोमीटर. शेजारी उभ्या रेंजरबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आज हवा चांगली आहे. रोज असं दिसत नाही, म्हणून तर कायदा आहे."

कायदा? दिसण्यासाठी?

बाबांना समजावलं, की राष्ट्रीय उद्यानांत दूरचं नीट दिसावं म्हणून हा कायदा, तर त्यांचा पहिला प्रश्न, "म्हंजे खोकल्यासाठी नाई? फक्त पाहाच्यासाठी?" आणि दुसरा, "वाघाले दूरचं पाहून काय करा लागते?" याचं भाषांतर करायचं धाडस मला झालं नाही.

घरी येऊन रात्रभर तेच वाचत बसलो. १९७७ साली इथल्या संसदेने स्वच्छ हवा कायद्यात भर घातली, की मोठी राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव रानं, एकूण १५६, यांच्यावर माणसाच्या प्रदूषणाने आलेला धूसरपणा घालवायचा आणि नवा येऊ द्यायचा नाही. १९९९च्या नियमात मुदत धरली २०६४. तोवर मीच असेन की नाही कोण जाणे! धूसरपणा मोजायला एककसुद्धा आहे, डेसिव्ह्यू. डोळ्याला जेमतेम कळेल एवढा फरक म्हणजे साधारण एक. १९६२ ते १९७७ या काळात उभ्या राहिलेल्या मोठ्या कारखान्यांना जुने म्हणून सूट नाही, उलट त्यांचीच आधी तपासणी. आणि धूर शेजारच्या राज्यात जात असला तरी हिशेब सोडणाऱ्याने द्यायचा. आपल्याकडे दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून तहसीलीत जातात, इथे दोन राज्यं धुरावरून.

खरं सांगतो, मला रागच आला. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला आणि कोळशाच्या वीज केंद्राला लागून. माय स्लॅबवर सांडगे घालते तेव्हा वरून जुनं लुगडं पांघरते आणि संध्याकाळी ते झटकते. झटकलेल्या राखडीचा ढग तिच्या पदरावर बसतो, मग ती पदर झटकते. आमच्यासाठी हवा म्हणजे ही राखड. ती दिसते, म्हणून तिच्यावर ओरडता येतं. कोळशातल्या गंधकाचा वायू मात्र दिसत नाही. तो हवेत हिंडता हिंडता सल्फेटचे बारीक कण होतो, ते दमट हवेत फुगतात, उजेड विस्कटतात आणि डोंगर पुसून टाकतात. आम्ही त्याला धुई म्हणत आलो. उन्हाळ्यात कसली धुई, हे कोणी विचारलं नाही.

आता थोडं आपल्या बाजूने. २००९च्या आपल्या निकषांत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागासाठी या वायूची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे २० मायक्रोग्रॅम आहे, इतरत्र ५०. म्हणजे रानाचा विचार आपणही केला होता. २०१५मध्ये औष्णिक केंद्रांना हा वायू आवरायला दोन वर्षं दिली, मग मुदती वाढत गेल्या, आणि २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून मोकळंच केलं. इथे माझी बाजू जरा लंगडी पडते, मान्य.

पण यांचंही ऐका. कॅनियनजवळ पेज गावाशी नवाहो या इथल्या आदिवासी लोकांच्या जमिनीवर २,२५० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र होतं. १९९१मध्ये त्याला हा वायू ९० टक्के कमी करायला लावलं, तेही कॅनियन नीट दिसावी म्हणून. त्याच विजेवर कोलोराडो नदीचं पाणी उपसून फिनिक्सला यायचं, माझ्या आताच्या नळाला. आणि कित्येक नवाहो घरांत वीज नव्हती! आमच्या राखडीवर मुंबई-पुण्याचे दिवे लागतात, हे मी कॉलेजात तावातावाने बोलायचो. इथे मीच मुंबईकर. २०१९मध्ये ते केंद्र बंद पडलं, पण कायद्यामुळे नव्हे, नैसर्गिक वायू स्वस्त झाला म्हणून. नवाहो आणि शेजारच्या होपी जमातीच्या कामगारांचे पगार गेले. २०२०च्या डिसेंबरात केंद्राच्या तिन्ही चिमण्या सुरुंगाने पाडल्या.

बाबांना तो व्हिडिओ दाखवला. ते बावीस वर्षं ठेकेदाराकडे चिमण्यांखाली कामाला होते. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच पगारातून गेली, म्हणून मी फार बोलत नाही. तिन्ही चिमण्या आडव्या झाल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मानसं कुठं गेली मंग?"

लहानपणी रात्री स्लॅबवर झोपताना आम्ही चिमण्यांवरचे लाल दिवे मोजायचो. चार. आता बाबा गावी परतलेत. परवा फोनवर सहज विचारलं, "डोंगर दिसते का हो?"

"डोंगराचं सोड. कालपासून दिवेच दोन दिसून रायले."

"बंद पडले असतील."

"नाई बे. पाऊस येऊन गेला का मोजून सांगतो."