रस्सा आणतो, दोन मिनिटं

मिसळ आपण बसून खातो खरी, पण ती उभी असते वाढणाऱ्याच्या पायांवर. डोसा एकदा समोर आला की तुमचा नि वाढप्याचा संबंध संपला. मिसळीचं तसं नाही. वाटीत मटकी, वर फरसाण, बाजूला कांदा-लिंबू, पापड, दही, पाव वेगळे आणि रस्सा त्याहून वेगळा. यातलं एक मागे राहिलं की बाकी सगळे खोळंबले. त्यातून फरसाणावर एकदा रस्सा ओतलात की घड्याळ सुरू. पाव वेळेत आला नाही, तर शेवेचा लगदा होतो आणि नाशिकच्या मिसळीची अब्रू चमच्याला चिकटून राहते.

हे ज्ञान मला झालं ते परवाच्या शनिवारी, गंगापूर रोडने बरंच पुढे गेल्यावर लागणाऱ्या एका मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी. नाव सांगत नाही. झोपाळा, बैलगाडी आणि फोटोसाठी रंगवलेली भिंत, एवढ्यावरून कुणाला ओळखता आलं तर ओळखावं. नाशकात अशी ठिकाणं कमी नाहीत.

आम्ही अंबडच्या एका कारखान्यातले, क्वालिटी डिपार्टमेंटचे अकरा जण. शिवाय अकाउंट्सचा एक जण आणि स्टोअरचे काका. ऑडिट एकदाचं पार पडलं म्हणून साहेबांकडून मिसळ.

आधी पापड आले. मग बराच वेळ काहीच नाही. पापड संपल्यावर तेरा जणांत नऊ मिसळी आल्या. ज्यांना मिळाल्या त्यांनी सभ्यपणा म्हणून सुरुवात केली नाही, आणि ज्यांना मिळाल्या नव्हत्या ते "अरे, करा ना सुरू" म्हणत त्या वाटीकडे अशा नजरेनं बघत होते की घास घशाखाली उतरू नये. पुढे चार मिसळी आल्या, तोवर पहिल्या नवांचा रस्सा निवला होता. पाव मात्र कुणालाच नाही.

आता, दिवसभर दुसऱ्याच्या मालाला लाल टॅग लावणं हाच आमचा धंदा. जित्याची खोड. पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं, हे ट्रेनिंग सगळ्यांचं झालेलं. पाव का नाही? पोरगा आला नाही. का? तो दुसऱ्या टेबलावर आहे. का? आठ टेबलांना दोनच पोरं, त्यातला एक मोबाइलवर पार्सलच्या ऑर्डरी बघतोय. का? चौथ्या 'का'ला आम्ही गल्ल्यापाशी पोचलो. तिथे मालक पंख्याखाली बसून रील बघत होते. पाचव्याची गरज पडली नाही. आमच्या एकीनं तर फेऱ्या मोजल्या: पोरगा दर फेरीला एकच वस्तू आणत होता. लिंबू घेऊन आला, परत गेला, चमचा घेऊन आला.

रिकामा बसलेला अकाउंट्सवाला म्हणाला, "सर्व्हिस चार्ज लावला तर देऊ नका हं. २०२२ च्या जुलैतच ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय, तो बिलात आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच धरलं."

"पण सर्व्हिस कुठंय?" साहेब म्हणाले.

गंमत अशी की एवढी रणनीती आखणारे आम्ही, पोरगा टेबलाशी आला की एकदम लोण्यासारखे मऊ. "भाऊ, जमलं तर जरा पाव..." तोही बिचारा मिसरूड फुटायच्या वयाचा, घामानं निथळत "दोन मिनिटं" म्हणायचा आणि दिसेनासा व्हायचा. सप्लायरला चार पानी मेल लिहिणारी आमची मॅडम त्याला "थँक्यू" म्हणाली. कशाबद्दल, ते तिलाही सांगता आलं नाही.

शेवटी काका उठले. काका मूळचे सिन्नरकडचे, गावच्या लग्नांत बुंदीचं टोपलं घेऊन पंगतीतून फिरलेले. वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं म्हणतात. काकांनी पुढची पायरी गाठली, स्वतःच वाढपी झाले. रुमाल खांद्यावर टाकला, थेट भटारखान्यात गेले आणि एका हातात पावांची लादी, दुसऱ्या हातात रस्स्याची बादली घेऊन आले. कुणी अडवलंही नाही. खांद्यावर रुमाल असलेल्या माणसाला हॉटेलात कोण अडवतं? एका फेरीत तेरा पानं. "रस्सा घ्या, रस्सा... काळा हवा का लाल?" आमच्या टेबलावर पहिल्यांदाच वाफ दिसली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून हाक आली, "ओ काका, इकडे पण रस्सा!" काकांनी तिथेही वाढला. पलीकडच्यांनी पाव मागितले, तेही दिले. घामानं निथळणारा पोरगा खांबाला टेकून पहिल्यांदाच जरा उभा राहिला आणि काकांकडे कौतुकानं बघत राहिला.

कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं, "अहो, मिसळीबरोबर गुलाबजाम येतो ना तुमच्यात? अर्धा तास झाला."

"आणतो आजी," काका म्हणाले, "दोन मिनिटं." बादली खाली ठेवली, आमच्यात येऊन बसले आणि पाव मोडला.